कृपया वन्समोअर देऊ नये

रंगपटाच्या दारात मी उभा होतो आणि आत भाऊ शेवडे आरशासमोर डोळे मिटून बसले होते. अर्धी दाढी चिकटवून झाली होती, उरलेली अर्धी रंगभूषा करणाऱ्या नारायणच्या हातात होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात नारायणने ओठांवर बोट ठेवलं आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं.

"मौन आहे त्यांचं," तो कुजबुजला. "तोंडाला रंग लागला की पहिल्या प्रवेशापर्यंत बोलत नाहीत. आपणही बोलायचं नाही. तुला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार? मी लग्नांचं शूटिंग करणारा माणूस."

"काय काम होतं? चिठ्ठीबिठ्ठी द्यायचीय?"

"नको. दोन वाक्यांचं काम आहे. मध्यंतरात सांगतो."

नारायण आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दुपारचे तीन वाजले होते, प्रयोग साडेतीनचा. आत भाऊंना आणि बाहेर मला, दोघांनाही घाई नव्हती. ती दोन वाक्यं मी तेव्हाच दार ढकलून सांगितली असती, तर मौन मोडल्याबद्दल भाऊंनी फार तर मला हाकलून दिलं असतं.

मी प्रभाकर खातू. तेव्हा रत्नागिरीत माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नं, मुंजी, बारशी, अधूनमधून एखाद्या पुढाऱ्याची सभा. नवरी मामाच्या हाताला धरून येते तेव्हा कॅमेरा कुठे ठेवायचा हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. संगीत नाटक मात्र मी उभ्या आयुष्यात पुरतं पाहिलेलं नव्हतं. पद सुरू झालं की मला जांभया येत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

काम आलं होतं इंदूरहून, फोनवर. भाऊंची एकुलती एक मुलगी वासंती शाळेत माझ्यामागे दोन वर्षं होती. लग्न होऊन इंदूरला गेलेली, नववा महिना लागलेला, प्रवासाला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली.

"प्रभाकरदादा, बाबांच्या गळ्यात गाठ आहे," ती म्हणाली. "थायरॉइडची. मंगळवारी मुंबईला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात जीवाला धोका नाही, पण आवाजाची नस त्या गाठीत गुरफटलीय. आवाज राहील असं कुणीच सांगत नाही."

"भाऊंना माहितीये हे?"

"त्यांनाच तर सांगितलं डॉक्टरांनी. रविवारचा प्रयोग झाल्याशिवाय ऑपरेशनला तयार नाहीत ते. आणि गावात कुणाला कळू द्यायचं नाही. फक्त बापटकाकांना माहितीये. लोकांनी कीव येऊन टाळ्या वाजवलेल्या त्यांना नकोत."

"बरं. मग मी काय करायचं?"

"आजवर त्यांनी स्वतःचं एकही पद रेकॉर्ड करू दिलेलं नाही, दादा. रेडिओचं बोलावणं आलं होतं, तेही परत पाठवलं. समोर माणसं नसतील तर गायचं कुणासाठी, म्हणतात. या वेळी माझ्यासाठी हो म्हणालेत. माझ्या बाळाला आजोबांचा आवाज ऐकवायचाय मला. दुसऱ्या अंकातलं बागेश्रीतलं पद. बाकीचं नाटक नाही आलं तरी चालेल, पण ते आलं पाहिजे."

"येईल. काळजी करू नकोस," मी म्हटलं. काळजी करू नकोस हे वाक्य मी प्रत्येक नवरीच्या बापाला म्हणत असे, तेवढ्याच सहजपणे म्हटलं.

भाऊ पोस्टात कारकून होते. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती. पोस्टात त्यांनी काय दिवे लावले ते कुणाला आठवत नाही, पण गावातल्या नाट्यसंस्थेत पस्तीस वर्षं त्यांनी एकच भूमिका केली. नाटक आमच्याच गावातल्या एका वकिलाने कधीकाळी लिहिलेलं, गावाबाहेर त्याचं नावही कुणी ऐकलेलं नसेल. त्यातला सच्चा प्रधान राजाच्या मर्जीतून उतरतो, त्याला हद्दपार करतात आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी वेशीवर उभा राहून तो आपल्या नगरीचा निरोप घेतो. तेच ते पद. दर वर्षी एक प्रयोग व्हायचा आणि गाव ते पद ऐकायला यायचं. नाटक तोंडपाठ असलेली माणसं पहिला अंक बाहेर चहा पीत काढत आणि दुसऱ्याला आत येऊन बसत.

आता माझी अक्कल काय चालली ते सांगतो. आदल्या महिन्यात मी चिपळूणला एका संस्थेच्या नाटकाचं शूटिंग केलं होतं. तिथे दर पदाला वन्समोअर. पुन्हा तेच पद, पुन्हा टाळ्या. माझ्या तासातासाच्या चार कॅसेटी त्यात संपल्या आणि नाटकाचा शेवटचा प्रवेश राहून गेला. त्या मंडळींनी मला भर हॉलमध्ये असं झाडलं की परतताना एस.टी.त मी कुणाशी बोललो नाही. नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या त्या छोट्या कॅसेटी आमच्याकडे मिळत नसत, कोल्हापूरहून मागवाव्या लागत. या वेळीही चारच आल्या होत्या. नाटक सरळ झालं तर पावणेचार तासांचं. म्हणून रविवारी सकाळी मी संस्थेचे कार्यवाह बापट यांना गाठलं आणि म्हटलं, आज वन्समोअर बंद ठेवा.

बापट कोर्टात शिरस्तेदार होते. शिस्त म्हटली की त्यांचा चेहरा उजळायचा.

"बरोबर बोललात," ते म्हणाले. "मी तर कधीचं सांगतोय, वन्समोअरने नाटकाचा विचका होतो. पडद्यासमोर येऊन जाहीरच करतो मी."

ऑर्गन वाजवणारे दामलेमास्तर तिथेच बसले होते. त्यांनी मान वर केली.

"भाऊंना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"अहो, पस्तीस वर्षांत त्या पदाला वन्समोअर पडला नाही असं झालेलं नाही. त्यांच्या कानावर तरी घाला."

"खातू, तुम्ही सांगा भाऊंना," बापट म्हणाले. "काम तुमचं आहे."

"सांगतो ना," मी म्हटलं. आणि म्हणून मी तीन वाजता रंगपटाच्या दारात उभा होतो.

साडेतीनला बापट पडद्यासमोर आले. "रसिकहो, आजच्या प्रयोगाचं चित्रीकरण होत आहे. तेव्हा कृपया वन्समोअर देऊ नये, ही नम्र विनंती." हॉलमध्ये कुजबूज झाली. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मग आम्ही यायचं कशाला, बापट?" लोक हसले. बापटही हसले आणि आत गेले. आत ऑर्गनवर सूर धरलेला होता आणि रंगपटाचं दार बंद होतं.

पहिल्या अंकात भाऊंना पद नव्हतं. प्रधान येतो, राजाला दोन खडे बोल सुनावतो आणि जातो. नायिकेची दोन पदं झाली, टाळ्या पडल्या, वन्समोअर कुणी दिला नाही. विनंती पाळली जात होती. मी मनात म्हटलं, आपलं गाव चिपळूणपेक्षा सुधारलेलं आहे.

मध्यंतरात मी कॅसेट बदलली आणि रंगपटात गेलो. भाऊ आता मोकळे झाले होते, बशीतून गरम पाणी पीत होते. प्रधानाची पगडी मांडीवर होती. गळ्याशी, दाढीखाली, ती गाठ लिंबाएवढी दिसत होती, पण ती कसली हे तिथे भाऊंखेरीज मलाच ठाऊक होतं.

"काय रे खातू, मावतोय का मी तुझ्या डब्यात?"

"मावताय, भाऊ. छान दिसताय."

"दिसायचं राहू दे. ऐकू येतंय का ते बघ. माझ्या वासूला ऐकायचंय." मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "आज गळा लागलाय, खातू. बऱ्याच दिवसांनी लागलाय. सकाळी उठल्यापासून कळतंय मला."

मी सांगायला आलो होतो. पण माणूस इतका खुशीत होता की आता कशाला त्याचा रंग उतरवा, असं वाटलं. शिवाय माझ्या डोक्यात साधा हिशेब होता की पद ते पद. एकदा म्हटलं काय नि दोनदा म्हटलं काय, कॅसेटवर एकदा आलं की झालं. तिसरी घंटा झाली. भाऊ पगडी चढवून उठले आणि मी कॅमेऱ्याकडे पळालो.

पद सुरू झालं तेव्हा मी झूम करून त्यांचा चेहरा चौकटीत भरून घेतला. भाऊ गात होते. चांगलं गात होते, एवढं मला कळत होतं. सूर जागच्या जागी, शब्द स्वच्छ, चेहऱ्यावर कसला ताण नाही. वरच्या पट्टीत एका ठिकाणी जायचं होतं तिथे ते गेले आणि लगेच खाली आले. गाणं कळणारा माणूस तिथे असता तर त्याला कळलं असतं की हा गाणारा हात राखून गातोय. मला वाटलं, म्हातारपण.

नऊ मिनिटांनी पद संपलं. टाळ्या कडाडल्या. भाऊ एक पाऊल मागे सरले, दोन्ही हात होते तसेच पुढे पसरलेले ठेवले आणि हॉलकडे बघत उभे राहिले. दामलेमास्तरांनी ऑर्गनवरचा सूर सोडला नव्हता. तबलजी हात उचलून थांबला होता.

मी चौकट हलवली नाही. भाऊंचा चेहरा माझ्यासमोर हातभर अंतरावर होता. दारात पाहुणे आलेत हे ठाऊक असलेला, नुसती कडी वाजायची वाट बघणारा घरधनी जसा दिसेल तसा तो चेहरा होता. टाळ्या चालू होत्या. माझ्या मागे एक गृहस्थ "वन्" एवढं म्हणाले आणि त्यांच्या बायकोने त्यांचा हात दाबला. "अहो, रेकॉर्डिंग चाललंय ना." ते गप्प झाले. पुढे कुणीतरी अर्धवट उठलं आणि बसलं.

टाळ्या थांबल्या. भाऊ तसेच उभे होते. आता त्यांची नजर रांगेरांगेतून फिरायला लागली, डावीकडून उजवीकडे, मग बाल्कनीकडे. चारशे माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि गप्प होती. सगळी शहाण्यासारखी. नंतर कॅसेटवर मी मोजलं, सतरा सेकंद. सतराव्या सेकंदाला भाऊंचे हात खाली आले आणि त्यांनी प्रधानाचं पुढचं वाक्य म्हटलं. पडदा पडला.

ती दोन वाक्यं मी सांगितली नव्हती.

प्रयोग सव्वासातला वेळेत संपला. शेवटच्या कॅसेटीत बारा मिनिटं शिल्लक राहिली. लोक रंगपटात भाऊंना भेटायला आले, "वा भाऊ", "नेहमीसारखं" असं म्हणून गेले. भाऊ प्रत्येकाला हात जोडत होते. चेहऱ्यावरचा रंग पुसताना ते आरशात बघत नव्हते. बाहेर जीप उभी होती, भाचा त्यांना मुंबईला घेऊन जायला आला होता.

"आलं ना रे तुझं सगळं?" जाता जाता त्यांनी विचारलं.

"आलं, भाऊ. उत्तम आलं."

त्यांनी मान हलवली आणि जीपमध्ये बसले. ते गेल्यावर दामलेमास्तर माझ्याजवळ आले.

"मेल्या, भाऊंना सांगितलं होतंस ना वन्समोअरचं?"

"हो."

"मग असे काय उभे राहिले ते? मला वाटलं विसरले."

"विसरले असतील," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच इंदूरहून फोन.

"दादा, कसं झालं? पद आलं?"

"आलं. स्वच्छ आलंय."

"दुसऱ्यांदाचं ना?"

"म्हणजे?"

"अरे, वन्समोअरचं. तुला ठाऊक नाही? सगळ्या गावाला ठाऊक आहे. पहिल्यांदा बाबा नाटकापुरतं गातात. राखून गातात. लोकांनी मागितलं की मग गातात. म्हणतात, पहिलं पद प्रधानाचं, दुसरं माझं." ती हसली. "लहानपणी मी पहिल्यांदाच्या वेळी आईच्या मांडीवर झोपायची आणि वन्समोअरचा गलका झाला की उठायची. सांग ना, दुसऱ्यांदाचं नीट आलंय ना?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होतो. खरं बोलायला याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. माणूस अजून गाऊ शकत होता. मुंबईत एखाद्या खोलीत चार माणसं गोळा करून, मी हात जोडून, दामलेमास्तरांना गाडीत घालून नेऊन... नाही म्हटलं तरी चोवीस तास हातात होते.

"सगळं आलंय," मी म्हटलं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. दोन्ही बाजूंच्या नसा गेल्यामुळे श्वास अडायला लागला, म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवली. पंधरवड्याने वासंतीला मुलगा झाला. कॅसेट कधी पाठवतोस म्हणून तिचे तीन फोन आले. एडिटिंग चाललंय, असं मी तिन्ही वेळा सांगितलं.

दोन महिने मुंबईत काढून भाऊ परतले ते थेट दुकानात आले. दुपारची वेळ, रस्त्यावर कुणी नाही. गळ्याभोवती मफलर आणि हातात शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. त्यांनी बाकावर बसून पेन्सिलीने लिहिलं: *परवा इंदूरला जातो. कायमचा. आधी बघू दे.*

"अजून पुरतं झालं नाही, भाऊ. तयार करून पाठवतो."

त्यांनी पाटीवर बोट आपटलं. *बघू दे.*

मी कॅमेरा टीव्हीला जोडला आणि दुसरी कॅसेट लावली. भाऊ पुढे सरकून बसले. पद चालू असताना त्यांचा एक हात मांडीवर ताल धरत होता. मफलरखालून त्यांचा श्वास ऐकू येत होता, केटलीच्या तोंडातून वाफ निघावी तसा. पद संपलं. टाळ्या. टीव्हीतले भाऊ एक पाऊल मागे सरले आणि बाकावरच्या भाऊंचा हात थांबला. सतरा सेकंद दोघे एकमेकांकडे बघत होते.

मी कॅसेट थांबवली.

त्यांनी लिहिलं: *कुणी मागितलं नाही.*

"भाऊ, लोक भारावून गेले होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता कुणाच्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. पाटी तळव्याने पुसली आणि पुन्हा लिहिलं. *लोक बरोबर. मीच राखून गायलो. वन्समोअरसाठी ठेवलं. लोभ केला.* जागा संपली म्हणून पुसून पुढे लिहिलं. *पस्तीस वर्षांत प्रथम. शेवटच्या दिवशी.*

माझ्याकडे एक वाक्य होतं. भाऊ, लोकांना मीच बंदी घातली होती. इतकंच. त्या वाक्यात त्यांचं गाव त्यांना परत मिळालं असतं. ते न बोलायला मी पुष्कळ कारणं शोधली, त्या क्षणी आणि नंतर वर्षानुवर्षं. खरं कळलं तर जास्त वाईट वाटेल. आता सांगून आवाज थोडाच परत येणार आहे. आजारी माणसाला धक्का बसेल. सगळी कारणं भाऊंच्या सोयीची दिसत होती आणि एकूण एक माझ्या सोयीची होती. उद्या गावात होईल की खातूने चार कॅसेटींपायी भाऊंचं शेवटचं गाणं खाल्लं, ही भीती होती. दुसरं काही नव्हतं.

भाऊंनी लिहिलं: *एवढं पद पूस.*

"भाऊ, असं काय करता? वासंतीने तेवढ्यासाठी तर—"

*म्हणूनच. तिने नेहमी दुसरं ऐकलंय. हे बघून विचारेल लोक गप्प का. काय सांगू.* पुसलं. *कॅसेट खराब निघाली म्हणून कळव.*

"पुन्हा एकदा विचार करा."

त्यांनी पाटी पुसून *पूस* एवढंच लिहिलं आणि ते दोनदा अधोरेखित केलं.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला हायसं वाटलं. तो चेहरा कॅसेटवर होता तोपर्यंत कधी ना कधी कुणीतरी मला विचारणार होतं. मी कॅसेट पदाच्या सुरुवातीला नेली. लेन्सला काळं झाकण लावलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पुसायची हीच पद्धत, जुन्यावर काळोख भरायचा. नऊ मिनिटं पदाची आणि वर ते सतरा सेकंद. दुकानात पंख्याचाही आवाज नव्हता, तेवढ्यात दुपारची वीज गेली होती आणि कॅमेरा बॅटरीवर चालू होता. भाऊ बाकावर बसून कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडे बघत होते. मध्ये एकदा त्यांनी डोळे मिटले. ओठ हलताना दिसले, पण नळी बसवलेल्या गळ्यातून काय निघणार.

झाल्यावर त्यांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शेवटचं लिहिलं. *तुझा काही दोष नाही.*

पदाची जागा वगळून मी बाकीच्या नाटकाची प्रत इंदूरला पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली की दुसरी कॅसेट तेवढ्यात खराब निघाली, क्षमस्व. आठ दिवसांनी वासंतीचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती, भाऊ शेजारच्या खोलीत असावेत.

"नेमकं तेच गेलं, दादा?"

"हो गं. यंत्र आहे."

"असू दे. तू तरी काय करणार. एक कर. बाबांना कळू देऊ नकोस की पद गेलं म्हणून. मी त्यांच्यासमोर कॅसेट लावणारच नाही. त्यांना वाटू दे, माझ्याकडे आहे ते."

"नाही कळू देणार," मी म्हटलं.

भाऊ पुढे चार वर्षं इंदूरला होते. तिथेच गेले. मी गावातल्या शोकसभेला गेलो होतो, मागे उभा राहिलो. बापट भाषणात म्हणाले की भाऊंचा शेवटचा प्रयोग अत्यंत शिस्तबद्ध झाला.

ते गेल्यावर वर्षभराने वासंतीने पुन्हा फोन केला. इंदुरात कुणी एक जण खराब कॅसेटींमधून असेल ते काढून देतो, तेव्हा मूळ कॅसेट पाठवून दे. मी ती फेकून देऊ शकलो असतो. सापडत नाही म्हणू शकलो असतो. पण मला वाटलं, काळोखात काय सापडणार आहे, आणि पाठवून दिली. तिचा पुन्हा फोन आला तेव्हा माझ्या दुकानात एका लग्नाची मंडळी अल्बम निवडत बसली होती.

"चित्र नाही आलं रे," ती म्हणाली. "नुसतं काळं आहे. पण आवाज आहे."

"आवाज? कसला आवाज?"

"पद नाही. नऊ मिनिटं नुसता श्वास आहे, कुणाचातरी. आत-बाहेर, आत-बाहेर. बारीक शीळ वाजल्यासारखा."

झाकण लेन्सला लावलं होतं. माइक उघडाच होता. जन्मभर चित्रं काढणारा माणूस मी, मला चित्र तेवढं झाकायचं सुचलं.

"दादा, तो बाबांच्या नळीचा आवाज आहे," ती म्हणाली. "चार वर्षं मी त्या आवाजाशेजारी झोपलेय. मला तो न कळेल असं होणार नाही. पण प्रयोगाच्या वेळी नळी कुठे होती?"

"नव्हती."

"मग?"

लग्नाची मंडळी माझ्याकडे बघत होती. नवरीच्या आईने एक अल्बम पुढे सरकवला.

"यंत्राचा असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. "मी ठेवलंय ते. मुलाला ऐकवलं. त्याला सांगितलं, हे आजोबा."